पस्तीस दिवसांची थंडी

करडईची भाजी माणसाने किती दिवस खावी, याला काही मर्यादा असते. मळवंडी गावाने त्या वर्षी ती डिसेंबरातच ओलांडली होती.

एरवी हे प्रकरण तीन-चार आठवड्यांत आटोपतं. दसऱ्याच्या आसपास पेरलेली करडई उगवते, महिनाभर पानांचा घेर धरून जमिनीला चिकटून बसते, बायका विरळणी करता करता ओटीत कोवळी पानं घेऊन येतात, आणि घरोघरी लसणाच्या फोडणीचा वास सुटतो. मग घेराच्या मधून दांडा वर निघतो, पानांना काटे येतात, भाजी संपते. पुढे कळ्या, पिवळी-केशरी फुलं, बोंडं, आणि होळी झाली की गुरलिंगअप्पांच्या घाण्यावर पोती. त्या वर्षी दांडा वर आलाच नाही. दोन महिने झाले, अडीच झाले, तरी करडई आपली हिरवीगार, टवटवीत, जमिनीला चिकटून. कीड नाही, रोग नाही. बघणाऱ्याने दृष्ट काढावी अशी. आणि जोवर पानं कोवळी तोवर भाजी, हा बायकांचा हिशोब. पोरं ताट बघूनच तोंड वाकडं करायला लागली.

"करडई पेरली का पालक पेरला, कायच कळंना," असं अप्पांची शेजारीण गौराक्का रोज बांधावरून म्हणायची. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळे हसले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अप्पांनी लेकीला फोन केला. "नंदा, ही उठंना की गं."

महानंदा कलशेट्टी, अप्पांची एकुलती लेक, जिल्ह्याच्या गावाबाहेर एका तेलबिया संशोधन केंद्रात पीक-पैदासकार होती. मळवंडीच्या शेतांत जी करडई उभी, नव्हे बसलेली होती, ती तिनेच घडवलेली. 'शिशिर' हे नावही तिनेच ठेवलेलं.

"पाऊस लांबला ना यंदा, उशीर होतो कधी कधी," ती म्हणाली. "आठ दिवस बघा, अप्पा."

"आठ दिवसांमागं पण तू आठ दिवसच म्हनलीस."

अप्पांना इतकी घाई का, ते समजायला आठ वर्षं मागे जावं लागेल. उत्तर ध्रुवाभोवती गार वाऱ्यांचा एक पट्टा फिरत असतो. ध्रुव तापत गेला तसा तो पट्टा ढिला पडला, आणि ढिलं नेसलेलं धोतर जसं कुठेही सुटतं तसा दरवर्षी कुठेतरी खाली लोंबू लागला. आठ वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा मराठवाड्यापर्यंत उतरला. ज्या मुलखात लोकांनी स्वेटर लग्नाकार्यापुरते ठेवलेले, तिथे सकाळी हौदावर बर्फाचा पापुद्रा दिसू लागला. पारा शून्याच्या खाली दोन. करडई ऐन कळीत असताना एका पहाटेत काळी पडायची. असं एक वर्ष झालं, दोन झाली, पाच झाली. लोकांनी करडई सोडली. अप्पांचा लाकडी घाणा, बैल जाऊन त्याला मोटर लागली तरी चार पिढ्यांचा, तो बंद पडला. गाव पिशवीतलं, कुठल्याशा परदेशी झाडाचं, वास नसलेलं तेल खाऊ लागलं. अप्पांच्या लेखी ते तेल नव्हतंच.

महानंदाने त्या पाच वर्षांत एक रानटी करडई शोधून काढली. दूरच्या एका थंड पठारावर हिवाळाभर बर्फाखाली दबून राहणारं ते काटेरी तण. पाणी गोठतं तेव्हा बर्फाच्या सुया होतात आणि झाडाच्या पेशी फाडतात. या रानटी जातीत एक जनुक असं होतं, की गारवा लागताच ते पेशीत साखर आणि काही खास प्रथिनं भरायला घ्यायचं. मग सुया वाढूच शकत नसत. ते जनुक आपल्या करडईत आणायचं म्हणजे दोघींचा संकर करायचा, संततीतून थंडी सोसणारी रोपं निवडायची, त्यांचा पुन्हा गावच्या करडईशी संकर करायचा, पुन्हा निवडायची. बारा पिढ्या, वर्षाला दोन-तीन. निवड करायची जागा म्हणजे केंद्रातली शीतखोली. महिन्याची रोपं ट्रेमध्ये घालून बेचाळीस दिवस चार अंशांवर ठेवायची, शेवटी एक रात्र उणे सहावर न्यायची, आणि जी जगली ती बाहेर शेतात लावून त्यांचं बी धरायचं. महानंदाला एका गोष्टीचा फार अभिमान होता: बारा पिढ्यांत एकही रोप त्या परीक्षेशिवाय पुढे गेलं नव्हतं.

तयार झालेलं बी तिने पहिल्यांदा अप्पांच्या हातावर ठेवलं. अप्पांनी एक दाणा उचलून दाढेखाली फोडला, डोळे मिटून जिभेवर घोळवला. केंद्रात बियातलं तेल मोजायला मोठं यंत्र होतं, पण अप्पांची जीभ यंत्राच्या अर्ध्या टक्क्यात बसायची.

"एकतीस," ते म्हणाले. मग डोळे उघडून लेकीकडे बघत राहिले. "चांगलं हाय की गं."

त्यानंतर त्र्याहत्तर वर्षांचे गुरलिंगअप्पा उपरण्यात बी बांधून स्वतः दारोदार फिरले. पाच वर्षं तोंड पोळलेले लोक सहजी थोडेच ऐकणार! अप्पांनी प्रत्येक उंबऱ्यावर एकच वाक्य सांगितलं. "हे बी दगा देईल त्या दिवशी मी घाण्याला कुलूप घालतो, आन् ते कुलूप माझ्या हातानं उघडत न्हाई." गावात त्यांच्या शब्दाला तेवढं वजन होतं. त्रेसष्ट घरांनी शिशिर पेरली. पुढचे दोन हिवाळे पारा उणे तीनपर्यंत गेला आणि मळवंडीची शिवारं केशरी झाली. त्याआधीचं, केंद्रात बी वाढवण्याचं वर्षही असंच कडाक्याचं गेलं होतं. तिसऱ्या पेरणीला तर लोकांनी ज्वारी कमी करून करडई वाढवली. आणि तिसरा हिवाळा हा असा. दिवाळीनंतर एकदा बारा-तेरा दिवस गारवा आला नि गेला. डिसेंबरात दुपारी पंखे चालू होते.

फोन ठेवून महानंदा केंद्राच्या मागच्या शेतात गेली, ते फारसं काही मनात नसताना. तिथे दोन वाफे शेजारी शेजारी होते, दोन्हींचं बी पावसाळ्यातच एका दिवशी टाकलेलं. एकात शिशिरचं बी थेट पेरलेलं. दुसऱ्यात शिशिरचीच रोपं, पण शीतखोलीत नेहमीची परीक्षा देऊन आलेली. बियाणं शुद्ध आहे ना, हे बघायला दरवर्षी एक तुकडी अशी पाठवत असत. थेट पेरलेला वाफा मळवंडीसारखाच जमिनीला चिकटून बसला होता. दुसरा गुडघ्याच्या वर गेला होता आणि कळ्यांनी लगडला होता.

बी एक. माती एक. पाणी एक. फरक फक्त बेचाळीस दिवसांच्या थंडीचा.

महानंदा तिथेच बांधावर बसली. तिला सगळं एकदम कळलं, आणि ते इतकं साधं होतं की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

बर्फाच्या मुलखातल्या झाडाने हिवाळ्याआधी फुलून चालत नाही. फूल गोठलं तर वंश बुडाला. म्हणून त्याच्या अंगात एक ब्रेक असतो. फुलायचं नाही, म्हणजे नाही. हा ब्रेक थंडीच सोडवते, तीही एका दमात नाही. दिवसादिवसाने, जणू मोजून. शिशिरला असे पस्तीस दिवस लागतात, हे पुढच्या दोन दिवसांत जुन्या नोंदींवरून तिने काढलं. मधेच कडक ऊन पडलं तर मोजलेले दिवस पुसले जातात आणि मोजणी मागे जाते. थंडी सोसण्याचं जनुक आणि हे ब्रेकचं जनुक रानटी करडईत एकमेकांना खेटून बसलेली. एक उचललं की दुसरं पदराला धरून येणारच. बारा पिढ्या ते आलं होतं आणि कुणाला दिसलं नव्हतं, कारण सोसते का हे बघायला ज्या खोलीत रोप ठेवायचं, तीच खोली गुपचूप ब्रेक सोडवत होती. नंतर शेतातल्या हिवाळ्यांनीही तेच केलं. परीक्षा घेता घेता त्यांनी दर वेळी उत्तरही सांगून टाकलं होतं.

तिने हवामानाच्या नोंदी काढल्या. मळवंडीत दिवाळीपासून मोजलेले थंड दिवस तेरा. उन्हाने पुसलेले चार. शिल्लक नऊ.

केंद्रप्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन समित्यांची नावं सांगितली. पुढची बैठक फेब्रुवारीत होती.

येळवशीला महानंदा गावी गेली. त्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला कुणी घरी जेवत नाही. सगळं गाव आपापल्या रब्बीच्या शेतात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा होते, मडक्यातली आंबील वाडग्यात आणि मिसळीच्या भाज्यांची भज्जी पानावर पडते, आणि येईल त्याला बसवून घेतात. अप्पांच्या दोन एकरांत त्या दिवशी गर्दी जास्तच होती. लोक आंबील प्यायला आले होते हे खरं, पण डोळे महानंदाकडे होते. आजूबाजूला पानांचे ते हिरवे घेर, ओळीत, गप्प.

गौराक्काने पदराने हात पुसले. तिने तिची चारही एकरं शिशिरखाली घातली होती. "नंदाबाई, आता तूच सांग. फुलायची कवा?"

महानंदाने सांगितलं. सोपं करून, काही न लपवता. ब्रेक, पस्तीस दिवस, नऊ दिवस, शीतखोली, सगळं. बोलताना तिने अप्पांकडे पाहिलं नाही. मधे एक म्हातारा "मेली तर न्हाई ना पण? बी मेलं तर दगा," असं अप्पांच्या बाजूने बोलू गेला, पण अप्पांनीच त्याला हाताने गप्प केलं.

"म्हंजे," अप्पा सावकाश म्हणाले, "बारा येळा तुमी तिला आत घातली. आन् एकदा पण नुस्ती बाहेर ठिवून बघितली न्हाई?"

"नाही, अप्पा."

"एकदा पण?"

"तसं कुणी करतच नाही. परीक्षा न दिलेलं रोप पुढे न्यायचं नाही, असाच नियम असतो."

अप्पांनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"ते ऱ्हाऊ दे आता," गौराक्का म्हणाली. "पुढं काय? जमिनीत अजून थोडी वल हाय. आजउद्या मोडली तर चाऱ्याची ज्वारी तरी येईल, जनावरं तगतील. थांबलो आन् फुलली न्हाई, तर ते पण गेलं. थांबू का मोडू?"

महानंदाने पिशवीतला कागद काढला. हवामानाच्या तिन्ही संस्थांचे अंदाज हिवाळा उबदार जाईल असंच सांगत होते. "ऐंशी टक्के शक्यता अशी आहे, की…"

"टक्के नगं, बाई. मी एवढी शिकलेली न्हाई. फुलंल का न्हाई, येवढं एका शब्दात सांग."

कुणाच्या तरी हातातलं आंबिलीचं वाडगं तसंच राहिलं. वीस टक्के म्हणजे पाचांत एक, हे तिला माहीत होतं. पण पाचांत एकवर माणूस नांगर धरत नाही आणि सोडतही नाही. त्याला हो किंवा नाही लागतं. आणि आधी एकदा हो सांगून तिने या लोकांना इथवर आणलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मोडा."

दुसऱ्या दिवसापासून अप्पा पुन्हा दारोदार निघाले. तेच उपरणं, तेच उंबरे. ज्या तोंडाने पेरा म्हणून सांगितलं होतं त्याच तोंडाने मोडा म्हणून सांगायचं. महानंदा तीन दिवस त्यांच्याबरोबर फिरली. कुणी वाकडं बोललं नाही. उलट प्रत्येक घरात चहा झाला, आणि तो पिणं तिला फार जड गेलं. चौथ्या दिवशी अप्पांनी घाण्याच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली देवळीत ठेवली आणि तिला म्हणाले, "तू जा आता. तुझी कामं असतील."

गावात ट्रॅक्टर दोन. त्यातला एक दस्तगीरचा. अप्पांनी त्याला बजावलं होतं की सगळ्यांची मोडून झाल्याशिवाय माझ्या बांधावर यायचं नाही. ज्याने शब्द दिला त्याने आधी आपलं आवरून घेणं त्यांना शोभणारं वाटेना. दस्तगीर अप्पांच्या शेतात आला तोवर तेवीस दिवस झाले होते. काळी जमीन वाळून दगड झाली होती, भेगांत हात जात होता. फाळ दोन बोटं उतरला आणि वर आला.

"अप्पा, आता न्हाई जमायचं. उन्हाळ्यात मोठा नांगर आणू," दस्तगीर म्हणाला.

म्हणून ते शेत राहिलं. गावभर काळी ढेकळं आणि मधे अप्पांचे दोन एकर हिरवे. दुसरं काहीही कारण नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात वारा फिरला.

पहिल्या सकाळी केंद्राच्या आवारातल्या तापमापकात सहा अंश होते. दुसऱ्या सकाळी पाच. तिसऱ्या सकाळी चार, आणि गवतावर पांढरं. मळवंडीचा पारा तर तिथून दोन अंश खालीच असतो. अंदाज सांगणाऱ्यांनी आपले अंदाज न लाजता बदलले: ढिला पट्टा उशिरा का होईना, खाली उतरला होता आणि महिनाभर हलणार नव्हता. मागचे नऊ तिने धरले आणि भिंतीवरच्या कागदावर रोज एक रेघ वाढवत गेली. दहा. अकरा. पंधरा. दुपारी ऊन पडेल, मोजणी मागे जाईल, म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहायची, पण ऊन नुसतं उजेड देत होतं. एकोणीस. बावीस.

सगळ्या आयुष्यात तिने देवाकडे काही मागितलं असेल तर ते पीक यावं म्हणूनच. त्या फेब्रुवारीत ती रोज सकाळी कुडकुडत तापमापकाकडे जायची आणि मनात म्हणायची, तापू दे. एकदा तापू दे. ते शेत फुलू नये. स्वतःच्या हाताने घडवलेलं झाड हरावं अशी इच्छा करताना तिला स्वतःची किळस आली, पण इच्छा काही जाईना. आणि इच्छेने पारा हलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सव्वीस. तीस. पस्तीस.

त्याआधीच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ती एकदा गावी जाऊन आली होती आणि तेव्हा तिला शेतात एक निराळीच गोष्ट दिसली होती. साठ-सत्तर हजार झाडं अजून बसलेली, पण मधे मधे काही झाडांचा दांडा वर निघालेला. तिने वाकून वाकून ओळी तपासल्या. अकरा. थोड्याशा थंडीवरच त्यांचं भागलं होतं. कुठल्या तरी पिढीत त्यांच्यात ती दोन खेटून बसलेली जनुकं तुटून वेगळी झाली होती. थंडी सोसणारं राहिलं होतं, ब्रेक अर्धामुर्धा गळून पडला होता. बारा पिढ्यांत जे करायला हवं होतं ते इथे आपोआप झालं होतं. तिने अकराही झाडांना लाल चिंध्या बांधल्या आणि बी दुसऱ्या कशाशी मिसळू नये म्हणून पुढे कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या चढवल्या. परतताना एसटीत तिच्या लक्षात आलं की अशी दहा-बारा झाडं प्रत्येकाच्या शेतात असणार होती. ती जानेवारीतच मातीखाली गेली होती, तिच्या एका शब्दावर.

मार्च संपता संपता अप्पांचं शेत फुललं.

नुसतं फुललं म्हणणं कमी आहे. इतके महिने जमिनीत तोंड खुपसून बसलेलं सगळं बळ एकदम वर आलं होतं. कमरेइतकी झाडं, एकेकावर वीस-पंचवीस फुलं, आधी पिवळी, मग केशरी. मळवंडीच्या फाट्यावरून एसटीतल्या माणसालाही ते दिसायचं. बाकी सगळं शिवार काळं. चाऱ्याची ज्वारी त्या कडाक्यात पिवळी पडून बसली होती.

महानंदा आली तेव्हा अप्पा बांधावर पाठमोरे बसले होते. आणखी पाचसहा माणसं होती, पण जरा लांब. गौराक्का आपल्या मोडलेल्या रानात उभी राहून फुलांकडे बघत होती.

"लई ग्वाड फुललीया," ती म्हणाली. मग अप्पांकडे वळली. "घरच्या घरी इचारायला माणूस असलं म्हंजे बरं असतं, अप्पा."

महानंदाला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग तिच्या अंगाची आग झाली. "गौराक्का, देवाशपथ सांगते, तुम्हांला जे सांगितलं तेच अप्पांना सांगितलं. जमीन टणक झाली म्हणून राहिली. दस्तगीरला विचारा!"

"मी कुठं काय म्हनले?" गौराक्का म्हणाली. तिचा आवाज तापलेला नव्हता, थकलेला होता. "मला तर वाटतंया, मी अप्पांच्या जागी असते तर मी पण राखली असती." आणि ती निघून गेली.

हे एकटी गौराक्काच म्हणत नव्हती. त्रेसष्ट घरांत ते बोललं जात होतं, मोठ्याने नाही, पण सगळीकडे. अप्पांचं बी फसलं तेव्हा ज्यांनी चहा पाजला होता, त्यांनी बी फुलल्यावर दारात बोलवायचं थांबवलं होतं. एका रानात फुललेल्या करडईने जे केलं ते सगळ्या रानांत न फुललेल्या करडईला जमलं नव्हतं.

अप्पा उठले. "दस्तगीरला सांगितलंय," ते म्हणाले. "मोठा नांगर घिऊन येतूय."

"अप्पा, फुलात आहे हो. महिन्याभरात बी होईल. वाटून टाका सगळ्यांना, तेल काढून द्या, काहीही करा, पण…"

"घाण्याला कुलूप हाय. आन् हे बी कुनाला वाटू? परत पस्तीस दिवस मोजत बसायला?" ते तिच्याकडे बघत नव्हते. "ह्या बांधावर मी रोज बसतो, नंदा. लोक बघत जात्यात. मला त्ये बघनं सोसत न्हाई."

तिने फुलांतल्या लाल चिंध्यांकडे बोट केलं. ती म्हणाली, "अकरा झाडं सोडा. चिंध्या बांधलेली. अजून पंधरा दिवस लागतील त्यांना."

"का?"

तिने सांगितलं. मग अप्पा चालत शेतात शिरले आणि फुलांतून वाट काढत पहिल्या लाल चिंधीजवळ जाऊन उभे राहिले.

दस्तगीर आला तेव्हा बांधावर बरीच माणसं जमली होती. कुणी अडवलं नाही. अप्पा ट्रॅक्टरच्या पुढे चालले, हात वर करून, इकडून, तिकडून, आता सरळ. आणि मागे ढेकळांबरोबर केशरी फुलं पालथी पडत गेली. दस्तगीर लाल चिंधी आली की शिव्या घालत, पण जपून, वळसा मारायचा. दोन तासांत काम संपलं. दोन एकर उलट्या मातीत अकरा झाडं डोक्यावर पांढऱ्या पिशव्या घालून उभी राहिली. महानंदा तोंडात पदराचा बोळा धरून रडत होती, आणि लोक तिच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

एप्रिलच्या मध्याला तिने अकरा झाडांचं बी हाताने मळलं. अकरा कागदी पाकिटं, प्रत्येकावर आकडा, सगळी मिळून दोन्ही ओंजळींत मावतील एवढी. अप्पा घाण्याच्या बंद दारासमोर ओट्यावर बसले होते. पाठीमागे कुलूप होतं. त्या कुलुपाला हल्ली ते पाठच करून बसत.

तिने पहिलं पाकीट उघडून त्यांच्यापुढे धरलं. "बघा तरी. तेल किती आहे ते सांगा."

अप्पांनी एक दाणा उचलला. दोन बोटांत फिरवला, उजेडात धरला. पांढरा, भरलेला, चकचकीत दाणा. हात सवयीने तोंडापर्यंत गेला आणि ओठांशी थांबला.

"ह्याचं बियाणं व्हायला किती वरसं?"

"आधी बाहेर लावून बघायचं. उबदार हिवाळ्यात, कडक हिवाळ्यात, दोन्हींत. मग वाढवायचं." तिने मनात मोजलं, जितकं कमी करता येईल तितकं केलं. "आठ. नऊसुद्धा लागतील."

अप्पा शहात्तर वर्षांचे होते. दोघांनीही बेरीज केली. रस्त्याने गौराक्का गवताचा भारा घेऊन गेली. एरवी थांबली असती.

अप्पांनी तो दाणा न फोडता परत पाकिटात टाकला, पाकिटाची घडी घातली आणि लेकीच्या हातात देऊन तिची बोटं त्यावर मिटवली.

"तवर कुनाला काई सांगू नगंस, नंदा," ते म्हणाले. "मला पन न्हाई."